पोरगी हर्डल्स पळते, पुढे काय? रावेरच्या भाऊंना जरा लांब उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी १५ वर्षांची, रावेरकडच्या शाळेत नववीला, १०० मीटर हर्डल्सला जिल्ह्यात पहिली आली, मग नाशिक विभागाला सहाव्या हर्डलला पाय लागून पडली, गुडघा चांगलाच सोलला, आणि तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. आजी म्हणते "पोरले लागी जाई, बंद करा", काका म्हणतात साधं पळू दे, पोलीस भरतीला तरी कामी येईल, आणि तुम्ही विचारताय की या खेळात खरंच करियर असतं का, चॅम्पियन हर्डलर घडतो तरी कसा, आणि दहावीच्या वर्षी थांबवायचं का.

उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा. मी जळगाव-धुळ्याकडच्या मैदानांवर आयुष्य काढलेला माणूस, पोरांना पळायला शिकवतो, त्यात हर्डल्सवाली कमीच, कारण आपल्याकडं हर्डल म्हटलं की लोकांना ती उडी वाटते. ते आधी डोक्यातून काढा. हर्डल्स म्हणजे स्प्रिंटच, वाटेत दहा अडथळे ठेवलेत एवढंच, आणि शाळेपासून ऑलिंपिकपर्यंत अख्खं करियर कशावर ठरतं म्हणाल तर दोन हर्डलच्या मधे पावलं किती पडतात आणि ती शेवटच्या हर्डलपर्यंत तेवढीच राहतात का यावर. हर्डलवरून कसं गेलं हे प्रेक्षक बघतात, कोच लोक मधली पावलं मोजतात.

थोडे आकडे सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. महिलांच्या १०० मीटरला पहिला हर्डल १३ मीटरवर, मग दर ८.५ मीटरला एक असे दहा, आणि शेवटच्यानंतर फिनिशपर्यंत १०.५ मीटर. मोठ्या गटाला उंची ८३.८ सेंमी, १८ वर्षांखालच्या मुलींना ७६.२. पुरुषांचं ११० मीटर, मधलं अंतर ९.१४ मीटर आणि उंची १०६.७ सेंमी म्हणजे साडेतीन फूट. आता मुलीचाच हिशोब धरू. चांगली खेळाडू हर्डलच्या साधारण दोन मीटर अलीकडून उचलते आणि पलीकडं साधारण एक मीटरवर उतरते. उरले साडेपाच मीटर, त्यात तीन पावलं बसवायची. गंमत अशी की १५ वर्षांच्या पोरीला हे अंतर लांब पडतं, तिला पाय ताणून ताणून पोचावं लागतं, आणि आपल्या देशाच्या विक्रमवीर ज्योती याराजीसारख्या खेळाडूला तेच अंतर आखूड पडतं, तिला मोकळं पळायला जागाच उरत नाही, पावलं आवरून फटाफट टाकावी लागतात. लांब पडण्यापासून आखूड पडण्यापर्यंत जायला आठ-दहा वर्षं जातात, आणि करियर करियर म्हणतात ते हेच.

आता तुमची पोरगी सहाव्यालाच का पडली, ते मी न बघताही बऱ्यापैकी सांगू शकतो. पहिल्या चार-पाच हर्डलपर्यंत अंगात जोर असतो, तीन पावलं कशीबशी बसतात. मग वेग उतरायला लागतो, प्रत्येक पाऊल दोन-तीन बोटं कमी पडतं, तिन्ही मिळून वीतभर कमी भरतं, म्हणजे ती वीतभर लांबून हर्डल घेते आणि पुढचा पाय, ज्याला लीड लेग म्हणतात, तो खाली येता येता पट्टीवर आदळतो. किंवा दुसरा प्रकार, तिला आतून कळतं की आपण पोचत नाही, घाईत चौथं पाऊल टाकते, आणि चौथं टाकलं की पाय बदलतो, ज्या पायाने आयुष्यात कधी हर्डल घेतला नाही तो पुढं येतो, मग धाडकन. जिल्ह्याला हे झालं नाही कारण तिथं बाजूच्या लेनमधे ढकलणारं कोणी नसणार, ती आपल्या तालात पळाली. विभागाला पहिल्याच हर्डलला कोणीतरी पुढं दिसलं, ही ताकद लावून त्यांच्या मागं गेली आणि सहाव्यापर्यंत टाकी रिकामी. म्हणजे घाबरट आहे म्हणून पडलेली नाही, तिला नुसतं "भिऊ नको, भिऊ नको" म्हणून काही उपयोग नाही, तिची पावलं सहा ते दहा हर्डलमधे कशी टिकतील ते बघायचं. पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढाल तेव्हा फिनिशला उभं राहून समोरून काढू नका, सगळे आईवडील तेच करतात, बाजूने काढा, सहाव्या-सातव्या हर्डलच्या सरळ रेषेत उभे रहा, म्हणजे पाऊल कुठं पडलं ते दिसेल.

आणि हो, हर्डल पाडला म्हणून कोणी बाद होत नाही. मुद्दाम पाडला, किंवा पाय हर्डलच्या बाहेरच्या बाजूने खालून गेला, तर बाद. हे आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या सरांनाही पक्कं माहीत नसतं आणि पोरी उगीच पट्टीला पाय लागला की रेस सोडून देतात.

चॅम्पियन कसे घडतात विचारलंत तर मी आधी एडविन मोझेसचं नाव घेईन. अमेरिकेचा, ४०० मीटर हर्डल्सवाला. त्याच्या कॉलेजात, अटलांटाच्या मोरहाऊसला, स्वतःचा ट्रॅकसुद्धा नव्हता, आणि गडी शिकत होता फिजिक्स आणि इंजिनियरिंग. १९७६ ला मॉन्ट्रियलला पहिल्याच ऑलिंपिकमधे ४७.६३ सेकंदाचा वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड. ऑगस्ट १९७७ मधे बर्लिनला जर्मनीच्या हॅराल्ड श्मिडकडून हरला आणि त्यानंतर जून १९८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, हरलाच नाही, लागोपाठ १२२ रेस. मधे १९८० चं मॉस्को ऑलिंपिक बॉयकॉटमुळं गेलं, १९८४ ला लॉस एंजेलिसला परत गोल्ड, १९८८ ला सोलला ब्राँझ, तेव्हा वय ३३. त्याच्याकडं असं काय होतं? ४०० हर्डल्सला दोन हर्डलमधलं अंतर ३५ मीटर असतं. त्या काळी भलेभले सुरुवातीला १३ पावलं टाकायचे आणि मग दमले की १४ नाहीतर १५ वर यायचे. मोझेस पहिल्यापासून दहाव्यापर्यंत १३. बाकीचे मधे पाय जुळवायला अडखळायचे तेव्हा हा आपल्या तालात निघून जायचा. आता १३ म्हणजे विषम आकडा, दरवेळी तोच पाय पुढं येतो, आणि डावा पाय पुढं असला तर वळणावर फायदा, कारण आतल्या रेषेला चिकटून पळता येतं. उजवा पुढं असेल तर मागून येणारा डावा पाय वळणावर हर्डलच्या आतल्या बाजूला बाहेर लटकायची भीती, तिथंच लोक बाद होतात. हे सगळं त्याने हिशोबाने बसवलेलं होतं.

दुसरं उदाहरण एरीस मेरिटचं, ११० मीटर. बहुतेक लोक स्टार्टपासून पहिल्या हर्डलपर्यंत आठ पावलं टाकायचे, त्यानेही आधी आठच, पण २०१२ च्या सीझनआधी ती सात केली. ऐकायला एक पाऊल वाटतं, पण त्यासाठी स्टार्टिंग ब्लॉकमधे पाय उलटे ठेवावे लागतात, पुढचा मागं मागचा पुढं, आणि लहानपणापासून अंगात मुरलेली स्टार्ट पुसून नव्याने शिकावी लागते. २७ व्या वर्षी लंडनला ऑलिंपिक गोल्ड, आणि त्यानंतर महिन्याभरात ब्रुसेल्सला १२.८० चा वर्ल्ड रेकॉर्ड. पुढं त्याच्या किडन्या निकामी होत गेल्या, २०१५ ला बीजिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्राँझ घेऊन चारच दिवसांनी ऑपरेशन टेबलावर, बहिणीची किडनी बसवली. माणूस म्हणून ती गोष्ट मोठी आहे, पण कोच म्हणून मला त्या सात पावलांचं जास्त कौतुक वाटतं, कारण चांगलं चाललेलं मोडून परत बांधायला छाती लागते.

आपल्या देशाचं बोलायचं तर पी. टी. उषा सगळ्यांनाच माहीत आहे, पण त्यातली एक बाजू लोक विसरतात. महिलांची ४०० हर्डल्स ऑलिंपिकला आलीच पहिल्यांदा १९८४ ला. उषा मुळात १०० आणि २०० मीटरवाली, १९८२ च्या दिल्ली एशियाडला त्या दोन्हीत सिल्व्हर होतं, आणि त्या एशियाडचं ४०० हर्डल्सचं गोल्ड होतं एम. डी. वलसम्माचं. उषा या प्रकारात नवीच म्हणायची, आणि लॉस एंजेलिसला फायनलमधे ५५.४२, चौथी, रुमानियाच्या कोजोकारूला ५५.४१. एक शतांश सेकंद. लोक म्हणतात छाती पुढं टाकली असती तर मेडल होतं, असेल, पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की ५५.४२ चा तो भारतीय विक्रम तब्बल ३९ वर्षं कोणाला हलला नाही, २०२३ ला हांगझो एशियाडला विथ्या रामराजने त्याची बरोबरी केली, ती पण बरोबर तेवढीच, ५५.४२. इतकी वर्षं आपण काय करत होतो हा प्रश्न मी उगीच विचारत नाही, उत्तर आपल्याच मैदानांवर आहे, हर्डल गोडाऊनमधे पडलेले असतात आणि किल्ली कोणाकडं आहे ते कोणाला माहीत नसतं.

तुमच्या मुलीला दाखवायची ती ज्योती याराजी. विशाखापट्टणमची, वडील सिक्युरिटी गार्ड, शाळेतल्या पीटीच्या सरांनी उंची बघून हर्डल्सला घातलं. हैदराबादला साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या सेंटरमधे एन. रमेश सरांकडं तयार झाली, मग भुवनेश्वरला जेम्स हिलियरकडं. हिचं करियर मला आवडतं कारण त्यात सगळं आहे. अनुराधा बिस्वालचा १३.३८ चा रेकॉर्ड २००२ पासून उभा होता. ज्योतीने २०२० ला मूडबिद्रीला युनिव्हर्सिटी स्पर्धेत १३.०३ मारले, धरले नाहीत, कारण तिथं डोप टेस्ट झाली नव्हती. २०२२ ला कोझिकोडला १३.०९, परत धरले नाहीत, कारण पाठीवरचा वारा सेकंदाला २.१ मीटर होता आणि मर्यादा २.० ची. म्हणजे पोरीने दोनदा रेकॉर्ड मोडला आणि कागदावर शून्य. तिसऱ्यांदा मे २०२२ मधे सायप्रसला १३.२३ पळाली तेव्हा कुठं नाव लागलं. त्याच वर्षी १३ सेकंदाच्या आत गेली, तसं जाणारी पहिली भारतीय, २०२३ ला १२.७८. हांगझोला तर शेजारची चिनी मुलगी फॉल्स स्टार्ट घेऊन पळाली आणि पंचांनी हिलाही बाहेर काढायला घेतलं, ही जागेवर उभी राहून भांडली, रिप्ले बघायला लावला, दोघींना पळू दिलं, ही तिसरी आली आणि नंतर ती चिनी मुलगी बाद झाल्यावर हिचं सिल्व्हर. नियम माहीत असणं हा पण ट्रेनिंगचा भाग आहे भो! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेली, ऑलिंपिकमधे १०० हर्डल्स पळणारी ती पहिली भारतीय बाई. आणि मग २०२५ ला दक्षिण कोरियात गुमीला आशियाई चॅम्पियनशिपचं दुसऱ्यांदा गोल्ड घेतलं आणि दोन महिन्यांत प्रॅक्टिसमधे गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन. हे पण करियरमधेच येतं, नुसती मेडलं दाखवून मी तुम्हाला फसवणार नाही.

मुलांमधे आपल्या शेजारचं उदाहरण आहे, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की पलीकडचा संभाजीनगर जिल्हा, तिथला तेजस शिरसे. मे २०२४ ला फिनलंडमधे ११० मीटर १३.४१, राष्ट्रीय विक्रम. त्याआधीचा मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा १३.४८, २०१७ चा. बघा, सात वर्षांत देशाचा रेकॉर्ड किती सुधारला, तर सात शतांश. आणि पॅरिसचं थेट क्वालिफिकेशन होतं १३.२७, म्हणजे देशात सगळ्यात फास्ट पळूनही गडी घरी राहिला. या खेळात सुधारणा अशी मुंगीच्या पावलाने होते, त्यामुळं जे आईवडील सहा महिन्यांत रिझल्ट मागतात त्यांनी पोरांना दुसरं काही खेळायला लावावं, खरंच.

आता पडण्याचं. आजीला सांगा, हॅरिसन डिलार्ड म्हणून एक होता, १९४८ साली ११० हर्डल्सचा जगातला सगळ्यात भारी माणूस, अमेरिकेच्या निवड चाचणीत हर्डलवर हर्डल आदळत गेला आणि संघातच आला नाही. मग १०० मीटरला कसाबसा तिसरा येऊन लंडनला गेला आणि १०० चं गोल्ड घेतलं, आणि चार वर्षांनी १९५२ ला हेलसिंकीला परत हर्डल्सला उतरून तेही गोल्ड घेतलं. अमेरिकेचीच गेल डेव्हर्स १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकला सगळ्यांच्या पुढं होती, दहाव्या हर्डलला पाय लागला, लोळत-सरपटत पाचवी. तिला ऑलिंपिकचं हर्डल्स मेडल कधीच मिळालं नाही, पण वर्ल्ड चॅम्पियन तीनदा झाली. लिऊ झियांग, चीनचा, अथेन्सचा गोल्ड मेडलिस्ट, २०१२ ला लंडनला पहिल्याच हर्डलला पडला आणि एका पायावर लंगडत ट्रॅकच्या कडेने शेवटपर्यंत गेला. हे सगळे जगातले वरचे लोक आहेत. मोठ्या गटात दहा वर्षं हर्डल्स पळून न पडलेला माणूस मी अजून बघायचाय.

किती वर्षं चालतं हे पण विचारलंय तुम्ही. हर्डलर उशिरा पिकतो. ऑस्ट्रेलियाची १०० हर्डल्सवाली सॅली पिअर्सन ऑलिंपिक गोल्डला २५ ची होती आणि मधे मनगट मोडून वगैरे परत आली, २०१७ ला वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा ३०. ब्रिटनच्या कॉलिन जॅक्सनने ११० हर्डल्सचा १२.९१ चा वर्ल्ड रेकॉर्ड २६ व्या वर्षी केला आणि ३२ व्या वर्षी परत वर्ल्ड टायटल जिंकलं. म्हणजे तुमची पोरगी आज १५ ची, तिची खरी वर्षं २२ ते ३० मधे आहेत. म्हणून मी १५-१६ ला रोज पूर्ण उंचीवर हर्डल मारायला लावणाऱ्या कोचपासून पोरं लांब ठेवतो. त्या वयात सपाट स्प्रिंट सुधारा, ताल पक्का करा, घोटा-गुडघा-कंबर मजबूत करा. १०० मीटर सपाट जी पोरगी मंद पळते ती हर्डल्सला कितीही लवचिक असली तरी एका मर्यादेपुढं जात नाही.

रावेरला बसून काय करता येईल ते सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की शाळेत फक्त दोन लोखंडी हर्डल आहेत, तेही वाकडे. ते भंगारात द्या. केळीचे प्लास्टिक क्रेट उलटे ठेवून त्यावरून उड्या मारायला लावतात काही जण, ते तर अजिबात नको, क्रेट पडत नाही, पोरगी पडते. तुराट्या घ्या, बांधावर फुकट मिळतात. चांगल्या सरळ, पाच फुटी, गाठी आणि फाटे कोयत्याने साफ करून. दोन बाजूंना विटा रचायच्या, सुरुवातीला दोन-दोन, आणि वर तुराटी नुसती टेकवायची, बांधायची नाही, आणि विटेच्या पुढच्या कडेला ठेवायची, म्हणजे पाय लागला की पुढं उडून पडेल. पोरगी मधून जाते, विटा दोन्हीकडं लांब राहतात. मोडली तर दुसरी ठेवा. अंतर ८.५ मीटर ठेवू नका, साडेसात ठेवा, टेपने मोजून फक्कीची खूण करा. या अंतरात तिला तीन पावलं सहज बसली पाहिजेत, ताणून नाही. आणि दहा नाही तर बारा ठेवा, मी मुद्दाम सांगतोय, बारा. उंची कमी, अंतर कमी, पण हर्डल जास्त, म्हणजे सहाव्याच्या पुढं तालात पळायची सवय लागते. ते जमलं की अंतर अर्धा फूट वाढवा, उंचीला एक वीट. स्पर्धेच्या आधी दोन आठवडे तेवढं खऱ्या अंतरावर, खऱ्या हर्डलवर, जिथं सिंथेटिक ट्रॅक मिळेल तिथं घेऊन जा.

मागचा पाय, ट्रेल लेग, तो वेगळा शिकवावा लागतो. पोरं सायकलवर टांग मारतात तसा तो सरळ मागून फिरवून आणतात, त्यात वेळ जातो आणि कंबर वळते. गुडघा दुमडून बाजूला, टाच ढुंगणाजवळ, पंजा बाहेर वळलेला, आणि गुडघा काखेच्या खालून पुढं आला पाहिजे, आणि तो खाली पडताना पुढचं पाऊल पूर्ण लांबीचं पडलं पाहिजे. हे भिंतीला हात टेकून, हर्डलच्या बाजूने चालत चालत करायचं, रोज थोडं थोडं. कंटाळवाणं आहे, पोरी टंगळमंगळ करतात, पण उतरल्यावरचं पहिलं पाऊल इथंच सुधारतं, आणि ते आखूड पडलं की पुढची दोन्ही बिघडतात.

जमिनीचं बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत टाच गेली की घोटा मुरगळलाच म्हणून समजा, आणि पावसाळ्यात बुटाला किलोकिलो चिकटते. मुरमाचं मैदान बरं. डांबरी रोडवर हर्डल ड्रिल करू नका, नडग्या दुखायला लागतील. एप्रिल-मेमधे आपल्याकडं ४४-४५ डिग्री, तेव्हा सूर्य वर यायच्या आत उरकायचं, संध्याकाळची जमीन पण तापलेलीच असते. खाण्यात वेगळं काही लागत नाही, कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, आणि केळी तर तुमच्या घरचीच. फक्त हिमोग्लोबिन तपासून घ्या, आपल्याकडच्या पोरींचं बऱ्याचदा कमी निघतं आणि घरचे म्हणतात आळशी झाली. आणि पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ती गोष्ट आईने लपवू नये, कोचला नाही तर डॉक्टरला तरी सांगावी, खाणं कमी पडतंय याची ती खूण असते, आणि पुढं हाडं त्याचे पैसे वसूल करतात.

दहावीचं सरळ सांगतो, थांबवू नका, कमी करा. आठवड्याला तीन दिवस, तासभर, त्यात स्प्रिंट आणि ताल. वर्षभर पूर्ण बंद केलं की ताल जातो, शिवाय त्या वर्षात पोरींची उंची-वजन बदलतं आणि परत आल्यावर जुनी पावलं जुळत नाहीत, मग वाटतं खेळच गेला. क्रीडा गुणांचं शाळेला आत्ताच विचारून ठेवा, सर्टिफिकेटची झेरॉक्स नाही, ओरिजिनल सांभाळा.

टायमिंगबद्दल एक गोष्ट. जिल्ह्याला स्टॉपवॉचवर घेतलेला टाइम तुम्ही पेपरमधल्या टाइमशी लावू नका. हाताने घेतलेला टाइम इलेक्ट्रॉनिकपेक्षा कमी येतो, साधारण ०.२४ सेकंद मिळवायचे आणि मग बघायचं. तिचे १६.२ आले असतील तर मी ते १६.४४ धरणार. यावरून घरात आनंद करायचा का दुःख ते तुम्ही ठरवा, पण पुढच्या वर्षी स्वतःच्याच १६.४४ शी तुलना करा.

पैसा-नोकरीचं. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे, आर्मी, पोलीस, केंद्रीय दलं खेळाडू घेतात, पण त्याला राज्य-राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते, जिल्ह्याच्या पहिल्या नंबरवर काही होत नाही. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये खर्चाला मिळतात, शिवाय राहणं-ट्रेनिंग. काकांचा मुद्दा पण वाया जात नाही, मुलींच्या पोलीस भरतीला १०० मीटर, ८०० मीटर आणि गोळाफेक असते, हर्डल्सवाल्या पोरीचं १०० मीटर चांगलंच असतं. म्हणून आत्ता भरतीसाठी हर्डल्स सोडायची गरज नाही, १९-२० व्या वर्षी राज्यात नाव लागलं नाही तर तेव्हा भरतीकडं वळता येतं, तोवर पाय तयारच असतील. उलट केलं, म्हणजे आत्तापासून फक्त भरतीची तयारी, तर हर्डल्स कायमचं गेलं.

शेवटचं, आणि हे जरा कडक बोलतो. राज्य पातळीला गेली की जिमवाले आणि "ओळखीचे" लोक पावडरचे डबे घेऊन येतील. वयाच्या दाखल्यात खाडाखोड करून देणारे पण येतील. दोघांनाही दारातून परत पाठवा. डोपमधे सापडली तर साधारण चार वर्षं बंदी लागू शकते, सर्दीच्या औषधात पण कधीकधी बंदी असलेला घटक असतो आणि "मला माहीत नव्हतं" हे कोणी ऐकत नाही. गावातल्या डॉक्टरला औषध लिहिण्याआधी सांगायचं की पोरगी स्पर्धा खेळते, आणि चिठ्ठी जपून ठेवायची.